काडाचा रंग

२ सप्टेंबर

पाद्रेने मला प्रायश्चित्त म्हणून ही वही लिहायला लावली आहे. पन्नास वेळा प्रार्थना म्हण असं सांगितलं असतं, तर बीन्स शिजेपर्यंत उरकून टाकली असती. पण तो म्हणाला, "ओरलिंदा, देल्फिनियाबद्दल जे जे बोलावंसं वाटेल ते लिहून काढ आणि वही मिटून ठेव. प्रिस्काचं लग्न होईपर्यंत गावात एक शब्दही बोलायचा नाही." माझ्या पोरीचं लग्न दहा ऑक्टोबरला. म्हणजे पाच आठवडे तोंडाला कुलूप.

तर लिहिते. देल्फिनिया माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. शिवाय प्रिस्काची धर्ममाता, म्हणून माझी कोमाद्रे. बाप्तिस्म्याच्या पाण्यावर जुळलेलं नातं, ते मोडलं तर पाप लागतं. त्यामुळे चोवीस वर्षं आम्ही एकमेकींना अहो-जाहो करतो आणि तोंडदेखलं गोड बोलतो. वहीत मात्र मी तिला "ती"च म्हणणार. हे प्रायश्चित्त आहे, पाहुणचार नाही.

गेल्या वर्षी तिने माझा सगळा मका जाळला.

३ सप्टेंबर

काल त्या एका वाक्यावरच वही मिटून ठेवली.

सगळं गाव तिला डोक्यावर घेऊन नाचतं ते कशासाठी, तर मका धुरवण्यासाठी. दुधात आलेली कणसं सालांसकट मातीच्या भट्टीत भरायची, वर बादलीभर पाणी ओतायचं, तोंड चिखलाने लिंपून टाकायचं. सकाळी फोडायची. मग सालं मागे ओढून माळा करायच्या आणि उन्हात वाळवायच्या. असा धुरवून वाळवलेला मका म्हणजे चिकोस. ते डुकराच्या मांसाबरोबर शिजले नाहीत, तर आमच्याकडे लग्न झालं असं कुणी मानत नाही. यात अवघड काय? भट्टीचा ताव ओळखणं. निखारे ओढून काढले की आत मूठभर गव्हाचं काड टाकायचं. भप्पकन पेटलं तर थांबायचं, पिवळंच राहिलं तर पुन्हा जाळ घालायचा, हळूहळू तपकिरी झालं की भरायचं. झालं! एवढ्यासाठी तीस वर्षं तिला घरोघरी बोलावणं, बसायला खुर्ची आणि पहिलं गरम कणीस.

आमच्याकडे भट्टी नव्हती, म्हणून गेल्या वर्षी तिच्याच भट्टीत पहिली पाळी माझी होती. तिने सांगितलं, "भरा." आम्ही भरला. सकाळी फोडली तर आत कोळसा. आठ दिवसांनी त्याच भट्टीतून निघालेला तिचा स्वतःचा मका सोन्यासारखा. चुकूनच झालं म्हणावं, तर चूक नेमकी माझ्याच मक्याच्या वेळी बरी झाली! हिवाळाभर आम्ही दुकानातले पाकिटातले चिकोस खाल्ले. प्रोकोपियो एक अक्षर बोलला नाही. माझा नवरा माझ्यासाठी बहिणीशी भांडेल, असं मला लग्नाच्या वेळी उगीच वाटलं होतं.

यंदा माझा मका माझ्या अंगणात, माझ्या भट्टीत. तेवढं एकच शेत आहे आणि त्यातूनच लग्नाचं पातेलं भरायचं आहे. बिघडलं तर दोनशे माणसांसमोर मी पाकिटं फोडणार आणि ती बघणार.

५ सप्टेंबर

टपाल कचेरीत भेटली. भिंतीला हात घासत चालत होती, जशी काही भिंत तिच्या बापाची. माझ्या अंगावरून गेली तरी ओळख दाखवली नाही. मीच म्हटलं, "काय कोमाद्रे, बऱ्या आहात ना?"

थबकली. माझ्या डाव्या खांद्याकडे बघत म्हणाली, "देवाची कृपा. तुम्ही?"

माझ्या तोंडाकडे बघायची हिंमत नाही! मन खात असणार. असो, खाऊ दे.

८ सप्टेंबर

भट्टी झाली. प्रोकोपियोने तीन आठवडे लावले. माती, काड, पाणी, पुन्हा माती. छान गोल घुमट झाला आहे, वर धुराला भोक, समोर तोंड. दोनदा बारीक जाळ करून सुकवली. एक चीर पडली ती मी स्वतः लिंपली.

पण दिवस मावळला की हा माणूस हात धुतो आणि सटकतो. आज विचारलं.

"कुठे निघालास?"

"देल्फिनियाकडे. पत्रं वाचून दाखवतो तिला."

"का? ती काय गव्हर्नर आहे, पत्रं वाचायला माणूस ठेवायला?"

"जातो आणि येतो," म्हणाला आणि टोपी उचलून गेला. दीड तासाने आला. बायकोला कधी साबणाच्या डब्यावरचं लेबलसुद्धा वाचून दाखवलं नाही त्याने.

९ सप्टेंबर

प्रिस्का शहरातून आली आणि भांडून परत गेली. तिचं म्हणणं, लग्नाचा मका भरताना तिची निना हजर हवीच. आमच्याकडे लेकरं धर्ममातेला निना म्हणतात. आणि हो, पहिलं कणीस धर्ममातेनेच टाकायचं, हा रिवाज माझ्या आजेसासूच्या आधीपासूनचा आहे.

मी म्हटलं, "तुझ्या निनाने गेल्या वर्षी काय केलं ते विसरलीस?"

"आई, तू एकदा तरी तिच्याकडे नीट बघितलंस का गं?"

"चोवीस वर्षं बघतेय."

"नाही बघितलंस," म्हणाली आणि दार आपटून गेली. पोरी शहरात गेल्या की कोड्यात बोलायला शिकतात.

११ सप्टेंबर

रिवाज म्हणून आमंत्रण द्यायला गेले. तिच्या स्वयंपाकघरात सगळं कसं जागच्या जागी, चमचासुद्धा इंचभर हलत नाही. माझ्यावर छाप पाडायला. चर्चच्या वेदीवरच्या कापडाची शिवण मात्र धूळ खात पडली आहे, सुई अडकवलेली तशीच. गावाची एवढी कामसू बाई, आणि दोन वर्षांत एक फूल पुरं झालं नाही.

तिने कॉफी ओतली. ओतताना कपाच्या कडेवरून बोट आत! कॉफी बोटाला लागली तेव्हा थांबली. आणि तोच कप माझ्यापुढे. माझ्या घरात असं कुणी केलं असतं तर हातावर पळी बसली असती. मी प्यायले नाही.

म्हटलं, "अठराला भरणार आहोत. पहिलं कणीस तुम्हीच टाकायचं."

"आणि ताव कोण बघणार, कोमाद्रे?"

"बघू की. तुमच्याशिवाय आहे कोण?" मी अगदी मधासारखा आवाज काढला.

ती जराशी हसली. "प्रोकोपियो असेल ना तिथे?"

"तो असेल की. त्याचंच घर आहे."

भावाला साक्षीला ठेवायचं म्हणजे पुन्हा खोड काढता येईल, आणि मी बोलले तर भाऊ मध्ये पडेल. मला सगळं कळतं.

१५ सप्टेंबर

कणसं दुधावर आली आहेत. नख रुतवलं की पांढरं पाणी उडतं. डोंगरावर पहाटे पांढरं दिसायला लागलं आहे, आता चार दिवसांत गोठवणारं दहिवर खाली शेतात उतरेल. अठरा म्हणजे अठराच.

आणि मला एक युक्ती सुचली आहे. पाद्रेने बोलायला बंदी केली आहे. करायला बंदी केलेली नाही.

१८ सप्टेंबर

पकडली! सगळ्यांसमोर, रंगेहाथ!

आता जसं झालं तसं लिहिते. सकाळपासून डोंगरातल्या पिन्योन पाइनची लाकडं पेटवली होती. तिसऱ्या प्रहरी भट्टीचा घुमट आतून पांढरा पडला, म्हणजे काजळी जळून गेली. बायका जमल्या. शेजारची रुफेलिया, तिच्या दोन जावा, पलीकडच्या पाटाजवळच्या तिघी. प्रिस्का तिच्या निनाला हाताला धरून घेऊन आली. धरून! गव्हर्नरच ती. तिला खुर्ची दिली. प्रोकोपियो तिच्या मागे जाऊन उभा राहिला, अगदी कानाशी. मी निखारे ओढून काढले आणि म्हटलं, "प्रोकोपियो, लिंपायचा चिखल घट्ट झालाय. जा, पाटावरून दोन बादल्या आण."

"मग आणतो."

"मग कधी? भट्टी निवल्यावर?"

तो हलेना. मी सगळ्यांसमोर आवाज चढवला, तेव्हा गेला. जाताना दोनदा मागे वळून बघितलं.

मी काडाची मूठ घेतली, भट्टीच्या तोंडाशी वाकले, हात आत घातला, जरा थांबले आणि हात बाहेर काढला. काड मुठीतच. एक काडीसुद्धा आत टाकली नव्हती. मूठ एप्रनआड धरली आणि विचारलं, "कोमाद्रे, काडाचा रंग कसा आलाय?"

तिने मान थोडी मागे कलती केली, जणू कुणी काही बोलेल अशी. रुफेलियाने तोंड उघडलं. मी म्हटलं, "रुफेलिया, तुला नाही विचारलं. तीस वर्षं जाणकार असलेल्या माणसाला विचारतेय."

देल्फिनियाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. म्हणाली, "तपकिरी. भरा, कोमाद्रे."

मी मूठ तिच्या नाकासमोर उघडली. पिवळंधमक काड. "हे? हे तपकिरी? आत काडीसुद्धा नाही, आणि तुम्ही म्हणता भरा! गेल्या वर्षीही असंच ना? बघा गं, सगळ्याजणी बघा!"

मला वाटलं होतं, हसतील. कुणीच हसलं नाही. ती माझ्या हाताकडे बघतसुद्धा नव्हती, भट्टीच्या तोंडाकडेच बघत होती, आणि विचारत होती, "काय आहे? प्रिस्का, काय दाखवतेय ती?" प्रिस्का रडायला लागली. रुफेलियाने देल्फिनियाला दंडाला धरून उठवलं. मग एकेक करत सगळ्या तिच्यामागून निघून गेल्या. माझ्या अंगणातून! प्रिस्कासुद्धा गेली. पहिलं कणीस कुणी टाकलंच नाही.

प्रोकोपियो बादल्या घेऊन आला तेव्हा अंगण रिकामं. त्याने बादल्या ठेवल्या, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता कणसं आत टाकायला लागला. मी काड टाकलं. पेटलं. थांबले. पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा तपकिरी झालं. मी स्वतः बघितलं, स्वतः ठरवलं. पाणी ओतलं, वाफेने तोंड भाजलं, फळी लावली, चिखल लिंपला.

मी जिंकले आहे. आनंद का होत नाहीये ते कळत नाही. दमले असेन.

१९ सप्टेंबर

भट्टी फोडली. मका उत्तम निघाला. सालं खरपूस, दाणे सोनेरी, धुराचा असा वास की शेजारची कुत्री कुंपणाशी येऊन बसली. मी आयुष्यात याहून चांगला मका बघितलेला नाही.

खायला कुणी आलं नाही.

भट्टी फोडायला सगळं गाव येतं. पहिली गरम कणसं उभ्या उभ्या खातात आणि मग बसून माळा बांधतात, पंधरा-वीस जणी, तेव्हा कुठे दुपारपर्यंत संपतं. मका ढिगात राहिला तर संध्याकाळपर्यंत त्याला घाम येतो आणि बुरशी धरते. मी आणि प्रोकोपियो दोघंच. दुपारपर्यंत माझ्या बोटांची सालटी निघाली आणि ढीग जेमतेम गुडघाभर उतरला होता.

मी म्हटलं, "एका खोटारड्या बाईसाठी सगळ्या रुसून बसल्या!"

प्रोकोपियोने हातातली माळ खाली ठेवली. "तिला दिसत नाही, ओरलिंदा."

"काय?"

"दोन वर्षं झाली. साखरेने डोळे गेले. उजेड कळतो, अंधार कळतो. बस."

"मग ती ताव कसा..."

"कुणीतरी मागे उभं राहतं. हळूच रंग सांगतं. मी, रुफेलिया, जी कुणी असेल ती. पुढचं तीच ठरवते. किती वेळ थांबायचं, पाणी किती, ते तिलाच कळतं."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"आणि मला नाही?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, कोमाद्रेला कळलं तर ती मला खुर्चीवरून उठवेल."

मग तो पुन्हा माळ बांधायला लागला. मीही लागले. दुसरं काय करणार?

आता पाद्रेने सांगितलंय म्हणून लिहिते, नाहीतर ही गोष्ट मी वहीतही लिहिली नसती. तीन तारखेला लिहिली नाही. गेल्या वर्षी माझ्या मक्यासाठी भट्टी तापली, त्या दिवशी प्रोकोपियो दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. रुफेलिया आत पाणी आणायला गेली होती. देल्फिनियाजवळ मीच होते. त्याआधी थोडा वेळ तिने माझ्या कणसांवर हात फिरवून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "दाणा बारीक आहे यंदा." ते माझ्या डोक्यात गेलं होतं. तिने विचारलं, "कोमाद्रे, रंग कसा दिसतोय?" मला वाटलं, ही माझी परीक्षा घेतेय, शाळेतल्या पोरीसारखी. मी रस्त्याकडे बघत म्हटलं, "तपकिरी."

मी आत बघितलंच नव्हतं.

२० सप्टेंबर

निम्म्या कणसांच्या माळा झाल्या. उरलेल्यातली थोडी छपरावर पसरली. बाकीच्यांना बुरशी धरली, ती डुकरांना घातली. लग्नापुरते चिकोस होतील. जेवले नाही.

२२ सप्टेंबर

गेले. कुंपणापाशी दोनदा परत फिरले, तिसऱ्यांदा गेले.

ती ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. न बघता, माझ्यापेक्षा भरभर. म्हटलं, "कोमाद्रे, मी ओरलिंदा."

"कळलं. तुमचे पाय आधी भांडतात, मग तुम्ही."

मी उभीच राहिले. बस म्हणाली नाही. शेवटी सगळं घडाघडा बोलून टाकलं. की अठराला मी जे केलं ते लाज वाटण्यासारखं होतं. की गेल्या वर्षी रंग मी सांगितला होता, आणि बघितल्याशिवाय सांगितला होता.

तिचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"तुम्ही सांगितलंत तपकिरी आणि सकाळी कोळसा निघाला. एवढं कळायला डोळे लागत नाहीत, कोमाद्रे."

"मग वर्षभर बोलला का नाहीत? मी तुम्हाला प्रार्थनेनंतर चर्चच्या दारात जाळणारी म्हटलं, सगळ्यांसमोर! तेव्हा तरी!"

"काय बोलायचं होतं? की माझी चूक नाही, मला दिसत नाही, मी हिला विचारलं?" एक शेंग तिने उगीचच दोनदा चाचपली. "माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. सुई गेली, वाचणं गेलं. काड राहिलं होतं."

मला रडू आलं. तिचं शेत पलीकडे उभं होतं, कणसं पिवळी पडायला लागलेली, काळे पक्षी बसलेले. म्हटलं, "तुमचा मका वाळून चाललाय. उद्या भट्टी पेटवू. मी मागे उभी राहते. रंग मी सांगते. खरा सांगेन, मेरी मातेची शपथ."

"नको."

"कुणीतरी लागेलच ना."

"लागेल. तुम्ही नको."

"कोमाद्रे..."

"सगळ्या गावाला आता माहीत आहे की माझ्या कानात कुणीतरी सांगतं. आधीही माहीत होतं, पण ते माहीत नसल्यासारखे वागायचे. तेवढी माणुसकी होती त्यांच्यात. आता मी खुर्चीवर बसले, तर प्रत्येकजण माझ्या कानाकडे बघेल. यंदा मका गुरांना घालणार आहे." मग सोललेल्या दाण्यांचं भांडं मांडीवरून उतरवलं. "लग्नाला येईन. पोरगी माझीही आहे. फक्त मला तुमच्या शेजारी बसवू नका."

मी घरी आले. प्रोकोपियोने विचारलं, काय म्हणाली? सांगितलं, लग्नाला येते म्हणाली. तो खूश झाला. बाकीचं सांगितलं नाही.

२६ सप्टेंबर

आज प्रिस्का आली. अजून माझ्याशी धड बोलत नाही, पण लग्नाची बसायची यादी घेऊन बसली होती. चर्चमध्ये पहिल्या बाकावर नवरीची आई आणि धर्ममाता, शेजारी शेजारी, हे ठरलेलंच. माझं नाव तिने लिहिलं होतं, त्यापुढे निनाचं.

मी पेन्सिल घेतली आणि माझं नाव खोडलं. म्हटलं, "पहिल्या बाकावर तुझी निना बसेल. शेजारी रुफेलियाला बसव, पायऱ्या आल्या की सांगेल. मला मागे टाक, दाराजवळ."

प्रिस्का म्हणाली, "आई, नवरीची आई दाराजवळ? लोक काय म्हणतील?"

म्हटलं, "म्हणू देत. जे म्हणतील ते खरंच असेल."

तिने माझ्याकडे बघितलं, मग यादीकडे बघितलं आणि माझं नाव शेवटच्या बाकावर लिहिलं.